माळ्यावरची कणगी

कणगी म्हणजे काय, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसाच्या छातीएवढी उंच अशी ती धान्याची कोठी. वर्षाची ज्वारी तिच्यात पडायची आणि घरात लागेल तशी काढली जायची. आमच्या सांगलीच्या घरात माळ्यावर आजही एक कणगी आहे. मात्र ती आहे जाडजूड पुस्तकाएवढी, काळी, प्लॅस्टिकची, आणि तिच्यात ज्वारीचा एक दाणाही नाही. तिचं खरं नाव 'नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज'. जाणकार मंडळी आद्याक्षरं घेऊन तिला नुसतं 'नॅस' म्हणतात. आईला हे नाव काही पसंत पडलं नाही. "सगळ्यांचं मिळून एका ठिकाणी ठेवायचं आणि ज्याचं त्यानं काढून घ्यायचं, म्हणजे कणगीच की!" असं म्हणून तिनं बारसं उरकून टाकलं.

आत डोकावलं तर ही कणगी अगदी साधी. दोन हार्ड डिस्क, एक हिरवा बोर्ड, त्यावर बसवलेला छोटासा संगणक आणि मागे एक पंखा. ना पडदा, ना कळफलक. इंटरनेटसाठी घरात जो राउटर असतो, त्याला ती एका वायरनं जोडलेली असते आणि रात्रंदिवस जागी राहते. मी वर्गाचे फोटो मोबाइलवरून तिच्यात टाकते. पुण्याहून वहिनी आली की तेच फोटो तिच्या संगणकावर बघते. आप्पा टीव्हीवर जुनी नाटकं लावतात, तीही तिच्यातूनच येतात.

दादानं ती २०१३ च्या दिवाळीत आणली. तेव्हापासून तिच्यात काय काय साठलंय म्हणता! दादाच्या लग्नाचं चित्रण, शेताच्या कागदांच्या प्रती, माझ्या शाळेतल्या स्नेहसंमेलनांचे ढीगभर फोटो. पण मला आज सांगायचंय ते त्यातल्या फक्त दोन फाइलींबद्दल. एकीचं नाव 'अ बाजू', दुसरीचं 'ब बाजू'.

१९९६ च्या उन्हाळ्यात आप्पांनी शेजारून टेपरेकॉर्डर मागून आणला, माझ्या आजीला जात्यावर बसवलं आणि साठ मिनिटांची एक कॅसेट भरून घेतली. या बाजूला तीस मिनिटं, त्या बाजूला तीस. जात्याची घरघर, मध्येच एखाद्या कोंबडीची कुरकुर आणि आजीच्या ओव्या. ब बाजूला साधारण मध्यावर आजी थांबते आणि विचारते, "सुरू हाय न्हवं ते?" आप्पा हळूच म्हणतात, "हाय, हाय. तू म्हण." आणि पुन्हा जातं फिरायला लागतं.

जात्यावरच्या ओव्या वहीत लिहिलेल्या नसायच्या, बायकांच्या तोंडी असायच्या. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून तेवढ्या तरी कागदावर आल्या. आमच्या आजीच्या ओव्या त्या लाखांत नाहीत. त्या होत्या या एका कॅसेटमध्ये.

आजी २००२ मध्ये गेली. २०१४ मध्ये दादानं ती कॅसेट संगणकावर उतरवून कणगीत ठेवली. मग २०१९ चा ऑगस्ट आला आणि कृष्णेला महापूर आला. सांगलीतल्या मुलांना मी वेगळं काय सांगू! आमच्या खालच्या खोल्यांत कमरेच्या वर पाणी होतं. कॅसेटचं कपाट खाली, कणगी माळ्यावर. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर कॅसेटच्या फितीचा चिखलात गोळा झालेला. त्या दिवसापासून आजीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला.

आता मे २०२४ मध्ये या. सुट्टी लागलेली, दादाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, आमच्याकडे राहायला आलेली. नुकतीच नववीत गेलेली आणि कुठल्याही यंत्राचे स्क्रू ढिले करायला टपलेली. एका दुपारी माळ्यावरून 'टीं... टीं...' असा आवाज यायला लागला. आम्ही दोघी शिडी चढून वर गेलो. कणगीचा दिवा लागायचा, आतल्या डिस्क फिरायला लागल्याचा 'व्हूं' असा आवाज यायचा आणि मग एकदम सगळं गप्प. दहा सेकंदांनी पुन्हा दिवा, पुन्हा व्हूं, पुन्हा गप्प. चार-पाच वेळा असं झाल्यावर ती एकदाची सुरू राहिली. संगणकावर तिचं पान उघडलं, तर लाल अक्षरांत लिहिलेलं: डिस्क १ निकामी.

"आत्या, घाबरू नकोस," पुतणी म्हणाली. "दोन डिस्क आहेत ना? जे एकीवर तेच दुसरीवर. एक गेली तर दुसरी आहेच की."

तिचं म्हणणं बरोबर होतं आणि पुरतं बरोबर नव्हतंही. हे जरा नीट समजून घेऊ या. आमच्या कणगीत दोन डिस्क आरशासारख्या एकमेकींसमोर बांधलेल्या आहेत. एकीवर लिहिलेलं तत्क्षणी दुसरीवर लिहिलं जातं. अशा जोडणीला 'रेड' म्हणतात. पोलिसांच्या धाडीशी याचा काही संबंध नाही! १९८८ मध्ये अमेरिकेत बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. एकच मोठी, महागडी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात आणि त्यांतली एखादी मेली तरी काम अडू नये अशी सोय करावी, हा त्यातला विचार. आरशाची पद्धत त्याच्याही आधीची. या तिघांनी तिला आपल्या यादीत पहिला क्रमांक दिला.

पण आरशात काय दिसतं? जे समोर आहे ते. एखादा फोटो पुसला, तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जातो. फाइल बिघडली, तर दोन्हीकडे बिघडते. वीज कडाडून पेटी जळाली तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत, आणि महापूर माळ्यापर्यंत चढला तर दोन्ही एकाच पाण्यात. शिवाय आमच्या दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या. म्हणजे एक थकली तर दुसरीचंही वय तेवढंच.

'टॉय स्टोरी २' तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १९९८ मध्ये तो तयार होत असताना कुणीतरी संगणकाला पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली आणि चित्रपटाचा बराच मोठा भाग बघता बघता नाहीसा झाला. राखीव प्रती काढल्या जात होत्या, पण गरज पडल्यावर बघितलं तर त्या धड नव्हत्या. त्या चित्रपटावर काम करणाऱ्या गॅलिन सुस्मन या बाईंचं बाळ लहान होतं, त्यामुळे त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. ती जपून, पांघरुणात गुंडाळून गाडीतून आणली गेली आणि काम सावरलं. १९९९ मध्ये चित्रपट पडद्यावर आला. हे मी पुतणीला सांगितलं तेव्हा ती थोडी गंभीर झाली.

मग आम्ही माझ्या मावसभावाला फोन लावला. त्यानं संगणकाचा डिप्लोमा केलाय आणि तो बोलतो फार थोडं. म्हणाला, "ताई, नवी डिस्क आणलीस तरी आत घालू नकोस. आधी प्रत, मग दुरुस्ती."

याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. निकामी डिस्क काढून तिथं कोरी डिस्क घातली की कणगी आपणहून आरसा पुन्हा बांधायला घेते. त्यासाठी ती उरलेली जुनी डिस्क पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत सलग वाचते, रिकाम्या जागेसकट. तासन्‌तास. तीही उन्हाळ्यात. आता डिस्कच्या आत काय चाललेलं असतं ते बघा. आमच्या डिस्कची चकचकीत तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तबकडीचा व्यास साडेनऊ सेंटिमीटर. परीघाचं सूत्र वापरून तुम्हीच करून बघा: तबकडीची कड ताशी ९५ किलोमीटरच्या वर धावत असते, आपल्या लाल एसटीपेक्षाही जोरात! आणि तिच्यावरचं वाचणारं टोक तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. माणसाचा एक केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. थकलेल्या डिस्ककडून असली कसरत रात्रभर करून घ्यायची, आणि तीही आजीचा आवाज तिच्या एकटीच्या भरवशावर असताना? छे!

तेव्हा आम्ही निकामी ठरलेली डिस्क १ काढून कापडात गुंडाळून ठेवली. कणगी एकट्या डिस्क २ वर सुरू केली. ती निमूट सुरू झाली आणि सुरूच राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पाठीमागचं झाकण उघडलं तर पंख्यावर धुळीची गोधडी. पाती बोटानं फिरवली तर कुरकुरत अर्धा फेरा घेऊन थांबायची. म्हणून बाजूला घरातला टेबलफॅन लावला. लॅपटॉपला नवी कोरी पोर्टेबल डिस्क जोडली आणि प्रत काढायला बसलो. साठा होता ९०० गिगाबाइट. वेग दाखवत होता सेकंदाला १२ मेगाबाइट. पुतणीनं कॅलेंडरच्या मागं गणित मांडलं: नऊ लाख भागिले बारा, ७५ हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ एकवीस तास. एकवीस तास वीज राहील? मे महिन्यात?

तेवढ्यात तिलाच काहीतरी दिसलं. राउटरवर कणगीच्या वायरीपाशी नारिंगी दिवा होता. बाकी वायरींपाशी हिरवे. राउटरबरोबर आलेली पुस्तिका तिनं शोधून काढली. तिच्यात लिहिलं होतं, हिरवा म्हणजे १,००० मेगाबिट, नारिंगी म्हणजे १००. वायर माळ्यावरून खालपर्यंत हातानं चाचपत आलो, तर एका ठिकाणी उंदरानं कुरतडलेली! या वायरीच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या पिळलेल्या. १,००० च्या वेगाला आठही तारा लागतात. १०० ला चारच पुरतात. उंदरानं नेमकी एक तार तोडल्यामुळे दोन्हीकडच्या यंत्रांनी मुकाट्यानं कमी वेग धरला होता आणि कुणाला पत्ताच नव्हता. नवी वायर लावताच दिवा हिरवा झाला. वेग झाला ६०. त्याहून जोरात पळणं त्या जुन्या संगणकाच्या आवाक्यात नव्हतं. आता तेच गणित: १५ हजार सेकंद, म्हणजे चार तास दहा मिनिटं. एवढ्या सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त फळ देणारी वस्तू ही वायरच ठरली.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला प्रत काढणारा प्रोग्रॅम अडला. एक फाइल वाचता येत नाही म्हणाला. फाइलीचं नाव 'ब बाजू'.

पुतणीनं माझ्याकडे बघितलं. खाली आई स्वयंपाकाला लागली होती आणि आप्पा अंगणात पाणी मारत होते. आम्ही दोघी काहीच बोललो नाही. पुन्हा प्रयत्न केला. डिस्कमधून 'टिक्‌... टिक्‌...' असा आवाज आला, पुन्हा तोच निरोप.

मावसभावाला फोन. त्यानं डिस्कची तब्येत बघायला सांगितली. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, शाळेतल्या आरोग्यपत्रकासारखी. किती तास चालली, किती तापली, किती कण वाचताना अडखळले. डिस्क २ च्या नोंदीत आठ कण 'वाचायचे राहिलेले' निघाले. आता गंमत बघा, म्हणजे तेव्हा काही ती गंमत वाटली नव्हती! असा एक कण ४,०९६ बाइटचा. आमच्या फाइलीत एका सेकंदाच्या आवाजाला १,७६,४०० बाइट लागतात. भागाकार केला तर एक कण म्हणजे सेकंदाचा जेमतेम त्रेचाळिसावा भाग. तेवढं नसतं मिळालं तरी कानाला एक छोटी 'टक' ऐकू आली असती, बस्स. पण प्रत काढणारा साधा प्रोग्रॅम हट्टी असतो. एक कण मिळाला नाही की तो सगळी फाइलच सोडून देतो.

तुटक फाइल वाचवणारे वेगळे प्रोग्रॅमही असतात. तोच मार्ग धरायच्या बेतात आम्ही होतो. मावसभाऊ मात्र फोनवर थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ताई, पहिली डिस्क कुठाय?"

"कपाटात. पण ती तर मेलीय ना?"

"कणगी म्हणतेय तसं. आपण बघितलंय कुठं?"

दुसऱ्या दिवशी संगणकाच्या दुकानातून डिस्क लॅपटॉपला जोडायचा एक खोका उसना आणला. त्याला विजेची स्वतःची जोडणी असते. लिनक्स नावाची संगणकप्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉप तिच्यावर सुरू केला, कारण कणगीतला छोटा संगणकही लिनक्सच बोलतो आणि दोघांची लिपी एक. मावसभावानं बजावलं होतं की डिस्क 'फक्त वाचण्यासाठी' उघडायची, तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. त्यानं सांगितलेल्या आज्ञा पुतणीनं एकेक अक्षर म्हणत टंकल्या. आणि मेलेली डिस्क उठून बसली. सगळे फोल्डर जागच्या जागी. 'ब बाजू' पहिल्या फटक्यात उतरली. २०१४ पासून त्या फाइलीत कुणी काही बदललेलं नव्हतं, त्यामुळे आरशाच्या या बाजूचं रूप जसंच्या तसं होतं.

फाइल उतरली म्हणजे चांगलीच आहे असं नसतं. म्हणून ती लावली. आप्पांना आता ऐकू कमी येतं. त्यांना इअरफोन दिला. ते माळ्याच्या शिडीखाली स्टुलावर बसले आणि तीसच्या तीस मिनिटं उठले नाहीत. मध्यावर त्यांचे ओठ हलले. "हाय, हाय. तू म्हण," असं ते पुटपुटले, टेपमधल्या स्वतःच्या आवाजाच्या किंचित आधी.

मग प्रश्न उरला: डिस्क १ धडधाकट होती, तर कणगीनं तिला निकामी का ठरवलं? डिस्कच्या आरोग्यपत्रकातही काही वावगं नव्हतं. आता मघाचं आठवा. दोन डिस्क असताना कणगी सुरू होता होता बंद पडत होती, एका डिस्कवर मात्र निमूट चालत होती. हार्ड डिस्कला सर्वांत जास्त वीज लागते ती थांबलेली तबकडी फिरवायला सुरुवात करताना. गाडा ढकलताना पहिला धक्का जड असतो ना, तसं. म्हणजे संशय गेला विजेच्या अडॅप्टरवर.

बाजारपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी मीटर लावला. काटा बरोबर १२ व्होल्टवर! मी म्हटलं, "काका, हा तर चांगलाय." ते हसले. म्हणाले, "बाई, हमाल रिकाम्या हातानं ताठच चालतो. पोतं द्या की त्याच्या डोक्यावर." त्यांनी अडॅप्टरला गाडीचा एक दिवा जोडला आणि काटा साडेदहाच्या खाली घसरला. अडॅप्टरमध्ये कपॅसिटर नावाचे छोटे डबे असतात, ते विजेचा चढउतार सावरतात. सतत गरम राहिल्यानं वर्षानुवर्षं त्यांच्या आतला द्रव सुकत जातो. बाहेरून काही दिसत नाही. दोन्ही डिस्क एकदम फिरू लागल्या की वीज कमी पडायची आणि वाटणीला आलेली कमी वीज डिस्क १ च्या नशिबी आली, एवढाच तिचा अपराध!

मुलांनो, अडॅप्टर उघडायचा नसतो. त्यात घरातली २३० व्होल्टची वीज येते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ आत साठून राहते. नवाच घ्यायचा. घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि टोकाचा आकार व त्यातली धन-ऋण बाजू जुळली पाहिजे. काकांनी हे सगळं बघून दिला.

नंतरची दुरुस्ती भराभर झाली. पंखा नवा, ९२ मिलिमीटरचा. बोर्डावरची रुपयाच्या नाण्यासारखी चपटी बॅटरी नवी. ही बॅटरी वीज नसताना घड्याळ चालू ठेवते. ती संपल्यामुळे वीज जाऊन आली आणि इंटरनेट बंद असलं, की आमच्या कणगीत तारीख पडायची १ जानेवारी १९७०, वेळ पहाटे साडेपाच. पुतणीला वाटलं, बिघाड. पण त्यालाही कारण आहे. अशा संगणकांची कालगणना तिथूनच सुरू होते. ग्रीनिचला तेव्हा मध्यरात्र होती आणि आपल्याकडे साडेपाच वाजले होते. हे सेकंद मोजायची जुन्या यंत्रांमधली जागा १९ जानेवारी २०३८ ला सकाळी पावणेनऊच्या जरा आधी भरून जाणार आहे. आमची कणगीही त्यातलीच. बघू, तेव्हा ती असली तर!

रॅम वाढवायचा पुतणीचा फार हट्ट होता. पण ती चिप बोर्डालाच डाखलेली निघाली. तो बेत तिथंच राहिला.

डिस्क मात्र दुप्पट मोठ्या घेतल्या, चार टेराबाइटच्या दोन, वेगवेगळ्या दुकानांतून. दुकानात एक प्रश्न जरूर विचारायचा. काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक सरकवलेले असतात. त्यामुळे जागा जास्त मिळते. पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, हे कौलारू घरातल्या मुलांना कळेल. आरसा बांधताना अशा डिस्क फार रेंगाळतात. आम्ही सुट्या पट्ट्यांच्या घेतल्या. जुन्या डिस्कवरून नवा आरसा बांधायच्या फंदात न पडता कणगी कोरी केली आणि पोर्टेबल डिस्कवरची प्रत तिच्यात परत भरली. चार टेराबाइटच्या जागी पडद्यावर ३.६ च्या आसपास दिसलं तेव्हा पुतणी दुकानदाराशी भांडायला निघाली होती. पण कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि आमची कणगी १,०२४ च्या. डिस्क तेवढीच, मापं वेगळी. पायलीचं माप गावागणिक वेगळं असायचं, तसंच.

एक गोष्ट मात्र दुरुस्त होण्यासारखी नव्हती. बनवणाऱ्या कंपनीनं या जुन्या पेटीसाठी सुरक्षेच्या सुधारणा पाठवणं बंद केलंय. मला हे पटत नाही. पंखा मिळतो, अडॅप्टर मिळतो, डिस्क मिळते, आणि न दिसणारी ही एकच गोष्ट मिळत नाही म्हणून चांगली पेटी भंगारात टाकायची? आम्ही तिचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडला. आता ती घरापुरतीच. पुण्याहून दादाला काही हवं असेल, तर तो मला फोन करतो. त्याची थोडी कुरकुर असते. असू दे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या संगणकी विषाणूनं जगभर हजारो संगणकांतल्या फाइलींना कुलपं ठोकून खंडणी मागितली होती. तो पसरला होता सुधारणा न केलेल्या विंडोज संगणकांतून, फाइली वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतल्या एका दोषातून. आणि कुलूप लागलेली फाइल आरसा इमानेइतबारे दुसऱ्या डिस्कवरही उतरवतो.

पोर्टेबल डिस्क आता दोन आहेत. एक इथं कपाटात वरच्या फळीवर. दुसरी दादाकडे पुण्याला, कारण कृष्णेचं पाणी तिथवर जात नाही. दिवाळीत आणि मे महिन्यात त्यांची अदलाबदल होते आणि त्या वेळी पुतणी डोळे मिटून कुठल्याही दहा फाइलींवर बोट ठेवते आणि त्या उघडून बघते. अकरावी फाइल नेहमी 'ब बाजू' असते.

जुन्यांपैकी डिस्क १ अजून ठणठणीत आहे, तिच्यावर आप्पांची नाटकं ठेवलीत. डिस्क २ मी जूनमध्ये शाळेत नेली. चांदणीच्या आकाराच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो तिला. चौथीच्या वर्गात मधोमध ठेवून उघडली. आतली तबकडी इतकी लखलखीत की अर्धा तास सगळा वर्ग तिच्यात आपापले दात बघत होता. एकानं विचारलं, "बाई, आजी यात कुठं हुती?" मग तबकडीवर बोटांचे इतके ठसे उमटले की ती पुन्हा कुणाला वाचता येण्याची भीतीच उरली नाही. तरी मी मागाहून तिला चांगला बाक आणला. आत दोन चुंबकं निघाली, नखाएवढ्या जाडीची, पण जोर असा की मध्ये बोट सापडलं तर रडूच येईल. ती मी मुलांच्या हाती दिली नाहीत. सध्या ती वर्गातल्या लोखंडी कपाटावर आहेत, परिपाठाचं वेळापत्रक धरून. सोमवारी वेळापत्रक बदलायचं असतं, आणि चुंबक सरकवायला चौथीतले दोघं तरी लागतात.